सांजेची एक रिंग

आल्बिना तुस्कानो माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिचं डावं मनगट नीट वळत नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या बाईचं मनगट वळत नाही म्हटल्यावर मी विचारलंच, काय झालं म्हणून. "दारात सापडलं," ती म्हणाली. दार आपणहून कुणाचा हात धरत नाही एवढं मला कळतं, पण पहिल्याच दिवशी माणसाला खोदून विचारू नये म्हणून मी तिला तिची खोली दाखवली.

आम्ही ओमानमध्ये, मस्कतजवळ बरकाला राहतो. माझे यजमान चंद्रहास इथल्या एका शेतावर पंप आणि पाइपलाइन बघतात. मालवण सोडून आल्यावर मासळीबाजार जवळ आहे एवढ्यावरच मी या गावाशी जमवून घेतलं. घरात एक खोली जास्तीची होती. २०१३ च्या उन्हाळ्यात बाजारातल्या लेडीज टेलरकडे वसईची एक बाई नवीन लागली आहे आणि तिला जागा हवी आहे असं कानावर आलं, तेव्हा मीच जाऊन तिला घेऊन आले. ओमानी बायकांच्या झग्यांच्या गळ्याला आणि बाह्यांना ती जरीचं काम करायची. एक हात अधू असूनही तिचं काम इतकं साफ होतं की बायका दुकानात शिरतानाच तिची चौकशी करायच्या. माणूस म्हणाल तर अबोल. घरात आहे की नाही ते तिच्या मशीनच्या आवाजावरून कळायचं.

तिचा नवरा, म्हणजे तेव्हाच झालेला माजी नवरा, लॉरेन्स. मस्कतच्या कुरुम भागातल्या एका मोठ्या हॉटेलात पार्ट्या आणि लग्नसमारंभ बघणारा मॅनेजर. रुवीच्या चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्साला बायबलचं वाचन करायचा. मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याही मनात आलं, किती सभ्य माणूस. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवून देणार. अशा माणसाची बायको मनगट मोडून बाहेर पडते, तेव्हा लोक मनगटाकडे बघत नाहीत, शर्टाकडे बघतात. चर्चमधल्या बायका तिला म्हणायच्या, "थोडं अ‍ॅडजस्ट करायचं होतं गं." मला त्या बायकांचा इतका राग यायचा की मी त्यांच्यातली नाही याचं बरं वाटायचं.

त्यांना एकच मुलगी, जॅस्मिन. दहा वर्षांची. वसईच्या कोर्टाने घटस्फोट देताना तात्पुरतं ठरवून दिलं होतं की शाळा मस्कतला आहे म्हणून पोरगी बापाकडे राहील आणि दर शुक्रवारी चर्च सुटल्यावर आईला तासभर भेटेल. कायमचा ताबा कुणाचा, ते पुढे ठरायचं होतं. शिलाईच्या पगारावर आल्बिनाला मुलीचा व्हिसा काढता येत नव्हता. तेव्हा तिचा बेत साधा होता. कोर्टाने मुलगी दिली की इथलं सगळं सोडायचं आणि वसईत भुईगावला भावाच्या घराशेजारी एक मशीन टाकून बसायचं. त्या बेतावरच ती जगत होती. शुक्रवारच्या भेटीनंतर कामावर जाताना डोळे सुजलेले असले तरी सोमवारी परत भुईगावच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते मला विचारायची.

आता ती रिंग.

भुईगावला सांजेला चर्चची घंटा झाली की हातातलं काम टाकून सगळे उभे राहतात, आणि मग घराघरात जपमाळ सुरू होते. ओमानमध्ये चर्च आहेत, पण घंटा वाजत नाही. म्हणून मायलेकींनी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान धरली. ती बरकात होते तशी जॅस्मिन राहायची त्या कुरुमलाही होते, मिनिटभराचा काय तो फरक. अजान झाली की आल्बिना मुलीच्या फोनवर एक रिंग द्यायची. म्हणजे, मी जपमाळ घेऊन बसले, तू पण बस. जॅस्मिनने तो फोन कट केला म्हणजे, ऐकलं, मी बरी आहे. थोड्या वेळाने पोरगी न्हाणीघरात जाऊन उलट एक रिंग द्यायची, ती आल्बिना कट करायची. म्हणजे, मी पण बरी आहे. आपल्याकडे मिस कॉलवर अख्खे संसार चालतात. पोचलो, खाली ये, दूध आण, सगळं एका रिंगमध्ये. यांनी त्यात देव बसवला एवढंच.

पण त्या नंबरात एक गोम होती. लहान मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणून जॅस्मिनचं सिम लॉरेन्सच्या नावावर होतं. इथल्या सगळ्या आपल्या पोरांची सिम बापांच्याच नावावर असतात, त्यात कुणाला कधी काही वाटलेलं नाही. आल्बिनालाही वाटलं नाही.

एका संध्याकाळी रिंग दिली आणि ती कट झाली नाही. आल्बिनाने परत दिली. परत. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ती फोन लावत राहिली आणि तो पलीकडे वाजत राहिला. मी म्हटलं, अंघोळीला गेली असेल. तिला ते ऐकूच गेलं नाही. त्या आठवड्याच्या शुक्रवारी जॅस्मिन भेटली ती उजव्या कानावर हात ठेवून. बापाला तिच्या फोनमध्ये आईला दिलेली उलट रिंग सापडली होती. आई करते ते करू दे, तू करायचा नाहीस, असं त्याने बजावून ठेवलं होतं. पोरीने शाळेत सांगितलं, पडले. डॉक्टरला सांगितलं, पडले. आईला मात्र खरं सांगितलं आणि वर म्हणाली, "मम्मी, पुन्हा दिसली तर तो आणखी मारणार बोलला."

आल्बिनाने तिला शपथ घातली की आता उलट रिंग द्यायची नाही. जॅस्मिनने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दिली. फक्त आता ती रिंग देऊन लगेच पुसायची. आल्बिनाही आपल्या जुन्या नोकियातून पुसायची. एकदा चर्चच्या आवारात लॉरेन्सने तिच्या हातातून फोन हिसकावून चाळला होता, तेव्हापासून तिने मुलीचा नंबर माझ्या नावाने ठेवला होता. रिंग आली की पडद्यावर यायचं, सुगंधा वहिनी. मी समोर भाजी निवडत बसलेली असायचे आणि तिच्या फोनवर माझं नाव उजळायचं. तेवढ्यापुरती ती हसायची.

२०१४ च्या सुरुवातीला तिच्या वकिलाने वसईच्या कोर्टात मुलीच्या कायमच्या ताब्यासाठी अर्ज टाकला. लॉरेन्सला त्याची नोटीस पोचली, आणि पुढच्याच आठवड्यात आल्बिनाला मस्कतहून पोलिसांचा फोन आला. तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. तुम्ही माजी नवऱ्याला रोज फोन करून छळता. हजर राहा.

ज्याने हात मोडला, ज्याने पोरीचा कान फोडला, त्याला हिचा त्रास होत होता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली कढई मी ओट्यावर आपटली. आल्बिना आपटत नाही. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "वहिनी, सिम त्याच्या नावावर आहे ना." तिला त्या क्षणी सगळं समजलं होतं.

चंद्रहासने आम्हाला शेताच्या पिकअपमधून नेलं. वाटेत त्यांचं एकच पालुपद. "सही मागतील ती करून टाक. इथे कोर्टकचेरी नको. हमी लिहून दिली की खलास." इथे आपली सगळी माणसं हेच सांगतात. कागद अरबीत असतो, आपल्याला वाचता येत नाही, सही केली की बाहेर सोडतात, मग कशाला डोकं लावायचं. मी म्हटलं, "आणि तोच कागद तो वसईच्या जजपुढे ठेवेल तेव्हा?" आल्बिना खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "मी सही नाही करणार भाऊ. मी त्याला एकदा पण फोन केला नाही."

चंद्रहास बाहेर पिकअपमध्ये थांबले, आम्ही दोघी आत गेलो. पोलीस अधिकाऱ्याचं नाव हसन. मधल्या वयाचा, थकलेला, पण बोलायला बरा माणूस. त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. लॉरेन्स आधीच येऊन बसला होता. मला मागच्या बाकावर बसवलं. आल्बिनाचा फोन हसनने टेबलावर ठेवून घेतला.

त्याच्यासमोर टेलिफोन कंपनीचे कागद होते. तिच्या नंबरावरून लॉरेन्सच्या नंबरावर, रोज, संध्याकाळी. एकदाही बोलणं नाही. आणि त्या एका संध्याकाळच्या रिंगांनी तर अख्खा कागद भरला होता.

"ये तुम किया?" हसनने विचारलं.

"किया. पर बेटी को किया. फोन बेटी के पास रहता है."

लॉरेन्स अगदी शांतपणे म्हणाला, "सर, नंबर मेरा है. बेटी कभी कभी गेम खेलती है, बस. मैं शाम को ड्यूटी पर होता हूं, गेस्ट के सामने रिंग पर रिंग." मग तिच्याकडे वळून मराठीत, "आल्बिना, मला तुझं वाईट करायचं नाहीये गं. तू स्वतःला सांभाळ, डॉक्टरला दाखव." मी मागून त्याची मान बघत होते. केस ताजे कापलेले होते.

हसनने कागद उलटसुलट केले. त्यालाही काहीतरी खटकत असावं. रोज त्याच वेळेला एकच रिंग देऊन कोण कुणाला छळतो? त्याने आल्बिनाकडे बघितलं आणि म्हणाला, "देखो सिस्टर. लडकी का फोन है, तो लडकी भी कभी तुमको फोन करेगा ना? एक फोन दिखाओ, उधर से आया हुआ. फिर मैं केस बंद करता है."

मी बाकावर पुढे सरकले. सुटका समोर ठेवलेली होती. काल संध्याकाळची उलट रिंग माझ्या डोळ्यांदेखत आली होती. फोनमधून पुसली असली तरी कंपनीकडून निघाली असती.

आल्बिनाने विचारलं, "मैं जो बोलेगी, वो इसको मालूम पडेगा?"

"पूछना तो पडेगा. नंबर इसका है."

तिने लॉरेन्सकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि आता पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर सभ्यपणा नव्हता. त्याला स्वतःलाच ते जाणून घ्यायचं होतं. पोरगी आपलं ऐकते की नाही.

"नहीं," आल्बिना म्हणाली. "वो कभी फोन नहीं करती."

हसनने उसासा सोडला आणि एक अरबी कागद पुढे ओढला. हमीपत्र. मी या माणसाला फोन करून त्रास दिला, यापुढे या नंबरावर फोन करणार नाही, त्याच्या घराजवळ किंवा कामाजवळ फिरकणार नाही. सही केली तर इथेच संपेल, नाही केली तर प्रकरण वर सरकारी वकिलाकडे जाईल, असं त्याने समजावलं. आल्बिना म्हणाली, "भेजो ऊपर. मैं उधर बोलेगी. त्रास दिया ऐसा मैं नहीं लिखेगी." पेनला तिने हात लावला नाही. मला तिचा अभिमान वाटला.

तेवढ्यात बाहेर मगरिबची अजान झाली. हसन उठला, नमाज पढून येतो म्हणाला आणि हवालदाराला दारात उभं करून गेला. आम्ही तिघं तिथेच. आल्बिनाची नजर टेबलावरच्या फोनवर खिळली होती. रिंग द्यायची वेळ झाली होती आणि फोन तिच्या हाताबाहेर होता. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला बरोबर कळलं. पलीकडे एक पोर अजान संपल्यापासून रिंगची वाट बघत बसली होती.

हसन परत आला, खुर्ची ओढून बसला. आणि फोन वाजला.

लहान पडद्यावर नाव उजळलं. लॉरेन्सने मान पुढे काढून वाचलं, "सुगंधा वहिनी." मग त्याने सावकाश मागे वळून बघितलं. मी बाकावर बसलेले, दोन्ही हात मांडीवर.

माझं मालवणचं तोंड आयुष्यात नको तिथेच चाललं असं चंद्रहास म्हणतात. त्या दिवशी ते हवं तिथे चाललं. पर्समध्ये हात घालून मी म्हटलं, "अगं बाई, माझ्याच फोनवरून लागला वाटतं. पर्समध्ये बटण दाबलं जातं मेलं." आणि आतल्या आत कुठलंतरी बटण दाबून धरलं. टेबलावरचा फोन अजून वाजतच होता. तो आल्बिनाने हात लांब करून कट केला. पोरीच्या हिशेबाने, मम्मी बरी आहे.

लॉरेन्स माझ्या पर्सकडे बघत होता. ती मागून घ्यायला त्याला एक क्षण पुरला असता. आत माझा फोन होता आणि त्यात कुणालाही केलेला फोन नव्हता. शिवाय आईची रिंग आलीच नव्हती म्हणून जॅस्मिनला संशय आला तर ती दुसऱ्यांदा रिंग देणार हे आम्हा दोघींना माहीत होतं.

आल्बिनाने पेन उचललं. "किधर साइन?" तिने विचारलं.

हसन चकित झाला. "अभी तो बोला नहीं करेगा."

"करती हूं. खलास करो. मेरे को घर जाना है."

तिने सही केली. अरबी ओळींखाली वसईच्या शाळेत शिकलेली ती गोल मराठी सही. लॉरेन्सने पर्सवरची नजर काढली आणि कागदावर लावली. त्याला हवं ते मिळालं होतं. कागदाची प्रत तो घडी न करता, ताठ धरून घेऊन गेला.

परतीच्या वाटेवर चंद्रहास म्हणाले, "बरं केलंस. सुटलीस." मी त्यांना आयुष्यात एवढं घाणेरडं कधी बोलले नाही जेवढं त्या रात्री पिकअपमध्ये बोलले.

पुढच्या शुक्रवारी लॉरेन्सने चर्चमध्ये सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं की पोलिसांनी हिला लांब राहायला सांगितलंय, मुलीला भेटवणं आता जोखमीचं आहे. कोर्टाचा शुक्रवार वसईत कागदावर राहिला. आल्बिना फाटकाबाहेर उन्हात उभी राहिली आणि मी आत गेले. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे मला काही कळत नव्हतं, मी पुढच्या बाईचं बघून करत होते. मिस्सा संपल्यावर पाण्याच्या कूलरपाशी जॅस्मिन माझ्याजवळ आली. तिचं मराठी अडखळत चालतं.

"आंटी, मम्मी आता रिंग नाही देत. ती अँग्री आहे माझ्यावर?"

"नाही गं बाळा. तिला बंदी घातलीय. तू पण आता तिला देऊ नकोस."

तिने जरा विचार केला. "मग मी कोणाला देऊ?"

मी तिला माझा नंबर सांगितला. लिहून द्यायची सोय नव्हती. ती ओठांतल्या ओठांत तो घोकत बापाच्या मागून गाडीपर्यंत गेली. बघणाऱ्याला वाटावं पोरगी प्रार्थना म्हणतेय.

आल्बिनाला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली, पहिल्यांदाच. "तिला मार पडला तर, वहिनी?" मी म्हटलं, "मी नाही म्हटलं असतं तर तिने तुलाच दिली असती. तुझा नंबर तो ओळखतो, माझा ओळखत नाही." त्या संध्याकाळी अजान झाली आणि थोड्या वेळाने माझा फोन वाजला. मी तो आल्बिनाच्या हातात दिला. तिने कट केला आणि जपमाळ घेऊन खोलीत गेली.

जूनमध्ये ताब्याची तारीख लागली. ती वसईला गेली. तिथे काय झालं ते तिनेच सांगितलं, दोन वाक्यांत. लॉरेन्सच्या वकिलाने हमीपत्र आणि त्याचा इंग्रजी तर्जुमा पुढे केला. तिच्या वकिलाने आधीच पढवलं होतं की सांग, दबावाखाली सही घेतली. जजसाहेबांनी विचारलं, सही का केलीत? लॉरेन्स समोर बसला होता आणि जॅस्मिन त्याच्या बहिणीकडे वसईजवळच्या निर्मळ गावात होती, रात्री तो तिथेच जाणार होता. आल्बिना म्हणाली, "सही माझीच आहे." त्यापुढे एक शब्द बोलली नाही. मुलगी बापाकडेच राहिली.

सगळे म्हणाले, आता भुईगावलाच राहा, भाऊ आहे, खोली आहे. ती सुट्टी संपवून बरकाला परत आली. मी विचारलं, "कशाला आलीस गं परत?" ती म्हणाली, "ती इथे आहे ना." खोलीच्या रंगाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

आली त्याच संध्याकाळची गोष्ट. मी बांगडे तळत होते, हात तिखटाने माखलेले. अजान झाली. ओट्यावरचा माझा फोन वाजला, मी तिला हाक मारली. ती आली, फोन हातात घेतला आणि तो नुसता वाजू दिला. कट केला म्हणजे बरी आहे. तिचा अंगठा बटणावर होता, पण खाली जात नव्हता. रिंग थांबली.

फोन दुसऱ्यांदा वाजला. पोरगी घाबरली असणार. आल्बिनाने अंगठा दाबला.

"बरी आहे," ती म्हणाली. फोन तेव्हा बंद झालेला होता.